बारा मैलांच्या आत कोणाचं राज्य?

२३ मार्च २०२४ ला भारतीय नौदलाची ‘आयएनएस कोलकाता’ मुंबईत पोचली तेव्हा तिच्यावर ३५ सोमाली चाचे होते. आठवडाभर आधी, १६ मार्चला, आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर त्यांनी शरणागती पत्करली होती. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मरीन कमांडो बोटींसकट समुद्रात उतरले, कारवाई चाळीस तास चालली आणि चाच्यांच्या ताब्यातल्या ‘एमव्ही रुएन’ या मालवाहू जहाजावरचे १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या सतरा जणांत एकही भारतीय नव्हता. सात बल्गेरियन, बाकीचे म्यानमार आणि अंगोलाचे. जहाजावर झेंडा माल्टाचा, मालक बल्गेरियाचा. पकडले गेले सोमाली, सोडवणारे भारतीय आणि खटला मुंबईत.

या बातमीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तारखांमधलं अंतर. रुएन पळवलं गेलं १४ डिसेंबर २०२३ ला. त्यानंतर चारच दिवसांत त्यावरचा एक जखमी खलाशी भारतीय नौदलानं उतरवून घेतला होता, म्हणजे जहाज कुठं आहे हे जगाला ठाऊक होतं. तरी पुढचे तीन महिने ते सोमालियाच्या किनाऱ्याजवळ चाच्यांच्या ताब्यात राहिलं. हात घातला गेला तो चाचे तेच जहाज घेऊन नव्या शिकारीसाठी खुल्या समुद्रात आल्यावर. ओलिसांच्या जिवाची काळजी हे थांबण्याचं एक कारण असतंच. दुसरं कारण समुद्रावर आखलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेषेत आहे. ती रेषा समजली की सोमालियाचं परराष्ट्र धोरण, इथिओपियाची तगमग, तुर्कस्तानची गस्त, बर्बेराचं बंदर या वेगवेगळ्या वाटणाऱ्या बातम्या एकाच गोष्टीचे भाग आहेत हे दिसू लागतं.

अंगण, शेत आणि गायरान

समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा खेड्यातल्या जमिनीच्या भाषेत नीट समजतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे त्या देशाचं अंगण. तिथं पोलीस त्याचे, कायदा त्याचा. परक्या जहाजाला कोणाला त्रास न देता तिथून जाता येतं, पण परक्या नौदलाला तिथं शिरून कोणाला पकडता येत नाही. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, त्या देशाचं शेत. पीक त्याचं, म्हणजे मासे, तेल, वायू त्याचे. पायवाट मात्र सगळ्यांची. याला कायद्यात अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. त्याच्याही पलीकडे गायरान, ते सगळ्या जगाचं.

चाचेगिरी हा फार जुना गुन्हा, आणि त्याबाबत एक अपवादात्मक नियम आहे. अंगणाबाहेर चाचा दिसला तर कोणत्याही देशाचं नौदल त्याला पकडू शकतं आणि आपल्या देशात खटला चालवू शकतं. मात्र तोच माणूस तीच बंदूक घेऊन बारा मैलांच्या आत शिरला की कायद्याच्या लेखी तो चाचा उरत नाही. तो त्या देशातला दरोडेखोर होतो, आणि त्याला पकडायचं काम त्या देशाच्या पोलिसांचं.

या नियमाचं गृहीतक असं की किनाऱ्यावर राज्य आहे. सोमालियात जानेवारी १९९१ मध्ये लष्करशहा सियाद बारेची सत्ता कोसळली आणि तिच्याबरोबर सरकार नावाची गोष्टच नाहीशी झाली. नौदल विखुरलं. ३,००० किलोमीटरहून लांब किनारा, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात लांब, राखणीला कोणी नसताना उघडा पडला. त्याच्या समोरून सुएझकडे जाणारा जगातल्या सर्वांत वर्दळीच्या सागरी मार्गांपैकी एक जातो. चाच्यांना लपायला जागा कोणी दिली असं विचारलं, तर उत्तर काहीसं विचित्र आहे. ती कायद्यानंच दिली. बारा मैलांच्या आत परक्यांना बंदी, आणि घरचं कोणी नाही.

तोच वारा, दुसरा किनारा

जूनमध्ये कोकणात पाऊस घेऊन येणारा वारा आपल्याकडे पोचण्याआधी सोमालियाच्या किनाऱ्याला घासून येतो. तिथं तो पाऊस फारसा पाडत नाही. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि त्याच्या जागी खोलवरचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यामुळे रास हाफून या भूशिराच्या आसपासचा समुद्र मत्स्यसंपदेनं श्रीमंत आहे. आपल्याकडे जून-जुलैत होड्या शाकारून ठेवतात, तशी तिथंही या वाऱ्यात लहान बोट समुद्रात नेता येत नाही. चाच्यांच्या हल्ल्यांचा आलेख पाहिला तर तो याच दिवसांत खाली येतो आणि वारा पडला की पुन्हा वर जातो. मच्छीमार आणि चाचा यांचं पंचांग एकच आहे.

१९९१ नंतर या श्रीमंत समुद्रात परदेशी जहाजं उतरली. येमेन आणि इराणची, आशियाची, युरोपचीही. मोठे ट्रॉलर स्थानिकांच्या जाळ्यांवरून जात, किनाऱ्याजवळचा तळ खरवडून नेत. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या पारंपरिक मच्छीमारांना परराज्यातल्या मोठ्या ट्रॉलरांविषयी जी चीड आहे, तिची कित्येक पट मोठी आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी. आपल्याकडे निदान तक्रार करायला मत्स्यविभाग आहे, गस्ती नौका आहे, कोर्ट आहे. एयल गावातल्या मच्छीमाराला यातलं काहीच नव्हतं. त्यात भर म्हणून परदेशी कचराही या पाण्यात टाकला जात होता. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर काय काय वाहून आलं, याची दखल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनं घेतली.

म्हणून सुरुवातीच्या टोळ्यांनी स्वतःला चाचे म्हटलंच नाही. एका टोळीचं नाव ‘राष्ट्रीय स्वयंसेवी तटरक्षक’ होतं, दुसरीचं ‘सोमाली मरीन्स’. परदेशी ट्रॉलर पकडायचा आणि त्याला दंड ठोकायचा, ही त्यांची सांगायची गोष्ट.

ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि ती पूर्ण खरी मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ‘फैना’ हे युक्रेनियन जहाज पळवलं गेलं, त्यात ३३ रणगाडे होते. नोव्हेंबरात ‘सिरियस स्टार’ हा सौदी महाकाय टँकर पळवला, त्यात सुमारे २० लाख पिंपं कच्चं तेल. यातलं कोणीही सोमालियाचे मासे चोरत नव्हतं. तोवर हा धंदा झाला होता. भांडवल घालणारा वेगळा, बोटीवर जाणारा वेगळा, किनाऱ्यावर ओलिसांना जेवण आणि पहारेकऱ्यांना खात पुरवणारा वेगळा. खात म्हणजे चघळायचं नशेचं पान. ते उधारीवर मिळे आणि हिशेब खंडणीतून कापला जाई. जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात ३४ ते ४१ कोटी डॉलरच्या दरम्यान खंडणी उकळली गेली. प्रत्यक्ष जहाजावर चढणाऱ्या पोराच्या वाट्याला एका जहाजामागे ३० ते ७५ हजार डॉलर येत, स्वतःची बंदूक आणली किंवा सगळ्यांत आधी चढला तर वर बक्षीस. मोठा वाटा पैसे लावणाऱ्याचा. २०११ या एका वर्षात सोमाली चाच्यांच्या हल्ल्यांची नोंद २३७ झाली.

जगानं अंगणात यायची परवानगी काढली

२ जून २००८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक १८१६ केला. सोमालियाच्या तेव्हाच्या हंगामी सरकारच्या संमतीनं, ठरावीक मुदतीसाठी, परक्या नौदलांना सोमालियाच्या बारा मैलांच्या आत शिरून चाच्यांवर कारवाई करता येईल. हा नियम फक्त सोमालियापुरता आहे, त्याचा दाखला दुसरीकडे देता येणार नाही, हेही ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं. ज्या सरकारला स्वतःची राजधानी धड राखता येत नव्हती, त्याची संमती जगाला का हवी होती? कारण ती सही नसती तर तीच कारवाई घुसखोरी ठरली असती. दुबळ्या देशाकडे सैन्य नसलं, पैसा नसला, तरी सही असते. सोमालियाचं पुढच्या पंधरा-सोळा वर्षांचं परराष्ट्र धोरण या सहीभोवतीच फिरतं.

त्यानंतर युरोपीय संघ आला, नाटो आली, अमेरिकेच्या पुढाकाराची संयुक्त पथकं आली. चीन, जपान, रशियाही आले. भारताची युद्धनौका ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात आहे. व्यापारी जहाजांनी कडेनं काटेरी तार लावली, सशस्त्र रक्षक नेमले. २०१२ नंतर मोठं जहाज चाच्यांच्या हाती लागणं जवळजवळ थांबलं.

या काळाचा चटका आपल्याकडे घराघरांत बसला, कारण जगभरच्या जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येनं असतात आणि त्यांत कोकण-गोव्याची मुलं आहेत. ‘एमव्ही आइसबर्ग १’ मार्च २०१० मध्ये पळवलं गेलं आणि सुटलं डिसेंबर २०१२ मध्ये. त्यावरच्यांनी जवळजवळ हजार दिवस काढले. त्याहून वाईट ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’चं झालं. २०११ च्या सुरुवातीला भारतीय नौदलानं अरबी समुद्रात शंभराहून जास्त चाचे पकडून मुंबईत आणले होते. एप्रिलमध्ये अॅस्फाल्ट व्हेंचरची खंडणी पोचली, जहाज सुटलं, पण चाच्यांनी सात भारतीय खलाशी मागे ठेवून घेतले. आमची माणसं सोडा, मग तुमची सोडतो, असा निरोप. ते सातजण घरी आले २०१४ च्या ऑक्टोबरअखेर. इकडे मुंबईत चाच्यांवर खटला चालवायचा तर चाचेगिरीचा वेगळा कायदाच आपल्याकडे नव्हता. भारतीय दंड संहितेची कलमं लावावी लागली आणि २०१७ मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या तोवर आरोपींची अनेक वर्षं कोठडीतच गेली होती. खास कायदा झाला २०२२ मध्ये. रुएनवरच्या ३५ जणांना मुंबईत आणता आलं ते त्याच्या आधारावर.

आणखी एक कमी बोललं गेलेलं प्रकरण. विमा आणि जहाज कंपन्या ज्याला ‘अतिजोखमीचं क्षेत्र’ म्हणत, त्याची हद्द चाचे पुढे सरकले तशी पूर्वेकडे सरकत ७८ रेखांशापर्यंत आली. म्हणजे आपला सगळा पश्चिम किनारा त्यात. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी दोन भारतीय मच्छीमारांना गोळ्या घातल्या. आम्हाला ते चाचे वाटले, हा त्यांचा बचाव. नकाशावर लांब कुठंतरी आखलेली रेघ आपल्या मच्छीमाराच्या होडीपर्यंत कशी पोचते, याचं याहून दुःखद उदाहरण मला माहीत नाही. भारतानं बराच आग्रह धरल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये ती हद्द ६५ रेखांशावर मागे नेली गेली, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झालं.

दस्तक कोणी द्यायचं?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, नसलेली जहाजं अडवत. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत त्यांचा उल्लेख चाचा असाच आहे. आपल्यासाठी ते सरखेल, राज्याच्या आरमाराचे प्रमुख. जहाज अडवण्याची कृती तीच, मग फरक कशानं पडतो? कान्होजींच्या दस्तकामागे राज्य होतं, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग होते. दस्तक घेतलेल्या जहाजाला त्या पाण्यात अभय मिळे आणि एका ठाण्यानं दिलेलं दस्तक दुसऱ्या ठाण्यावर चाले. सोमाली टोळ्यांची आंग्र्यांशी तुलना मला करायचीच नाही. त्यांच्यामागे राज्य नव्हतं, खंडणी होती. पण समुद्र कोणाचा हे ठरतं ते परवाना कोण देतो आणि तो कुठवर चालतो यावरून, हे आपल्या किनाऱ्याला तीनशे वर्षांपासून माहीत आहे.

सोमालियात हा परवाना कोण देतो? मोगादिशूमध्ये संघराज्याचं सरकार आहे, २०१२ पासून. ईशान्येला पंटलँड, १९९८ पासून स्वायत्त, स्वतःचं सागरी पोलीस दल असलेलं. ते संयुक्त अरब अमिरातीच्या पैशावर उभं राहिलं. वायव्येला सोमालीलँड. तो ब्रिटिशांचा भाग होता, २६ जून १९६० ला स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी दक्षिणेतल्या इटालियन सोमालियाशी एक झाला. मे १९९१ मध्ये त्यानं पुन्हा वेगळं झाल्याचं जाहीर केलं. तिथं स्वतःचं चलन आहे, निवडणुका होतात, सत्ता शांतपणे बदलते. नाही ती जगाची मान्यता. दक्षिणेच्या बऱ्याच ग्रामीण भागात अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेची सत्ता चालते. एक काळ ही संघटना किस्मायो बंदरातून आखाती देशांना कोळसा विकून पैसा उभा करत होती. २०१२ मध्ये सुरक्षा परिषदेला सोमाली कोळशाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

मासेमारीचे परवाने वर्षानुवर्षं मोगादिशूनंही दिले आणि पंटलँडनंही. देशाची हंगामी राज्यघटना याबाबत काय म्हणते? कलम ४४ म्हणतं, नैसर्गिक संपत्तीची वाटणी संघ आणि घटक राज्यांनी आपसांत बोलून ठरवावी. म्हणजे मुख्य प्रश्न घटनेनं पुढं ढकलला. कायद्याचीही गंमत नव्हे, शोकांतिका अशी की १९७२ च्या सोमाली कायद्यानं २०० मैलांपर्यंत थेट अंगणच घोषित केलं होतं. १९८९ मध्ये देशानं आंतरराष्ट्रीय सागरी करार मान्य केला, तो मात्र अंगण १२ मैलांचंच मानतो. शेताची, म्हणजे २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्राची, रीतसर घोषणा झाली २०१४ मध्ये. मधली पंचवीस वर्षं परक्या जहाजांच्या वकिलांना हवा तेवढा धूसरपणा उपलब्ध होता. २०१८ मध्ये मोगादिशूनं ३१ चिनी जहाजांना किनाऱ्यापासून २४ मैलांपलीकडे ट्यूना पकडायचे परवाने दिले. मिळाले साधारण दहा लाख डॉलर. परवाना दिला म्हणजे काय होतं? चोवीस मैलांच्या आत ते आले का, हे बघायला मोगादिशूकडे बोट नसते. कागद देणारा एक, समुद्र बघणारा कोणीच नाही.

कोर्टातला विजय

तरी सोमालियाच्या सहीला काहीच वजन नाही असं मानलं तर २०२१ चा निकाल समजणार नाही. केनिया आणि सोमालिया यांच्या समुद्री सीमेवर १ लाख चौरस किलोमीटरहून मोठा त्रिकोणी तुकडा वादात होता. खाली तेल-वायू असण्याची शक्यता, वर मासे. केनियाचं म्हणणं, किनाऱ्यापासून सीमा सरळ अक्षांशावरून पूर्वेला न्या. सोमालियाचं म्हणणं, दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावरून ती आग्नेयेकडे जाऊ द्या. २००९ मध्ये एका सोमाली मंत्र्यानं केनियाबरोबर सामंजस्य करारावर सही केली होती. सोमाली संसदेनं तो करार फेटाळला. पुढे २०१४ मध्ये सोमालिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. केनियानं सांगितलं, हा वाद बोलून सोडवायचं त्या करारात ठरलंय, कोर्टाला अधिकारच नाही. कोर्टानं ते मानलं नाही. शेवटच्या सुनावणीवर केनियानं बहिष्कार टाकला. १२ ऑक्टोबर २०२१ ला आलेली सीमा सोमालियाच्या मागणीच्या बरीच जवळची होती. केनियानं निकाल नाकारला.

इथं विचार करण्यासारखं बरंच आहे. केनियाचं सैन्य त्याच काळात सोमालियाच्या भूमीवर अल-शबाबशी लढत होतं. म्हणजे ज्याच्या सैनिकांवर आपली सुरक्षा काही अंशी विसंबून, त्याच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं. हे धाडस होतं, आणि मला ते सोमालियाच्या अलीकडच्या इतिहासातलं सगळ्यात परिपक्व पाऊल वाटतं. संसदेनं करार वाचला, नाकारला, आणि राज्यानं सात वर्षं एकच भूमिका लावून धरली. सरकारं आणि राष्ट्राध्यक्ष बदलले, दावा बदलला नाही. राज्यसंस्था म्हणजे काय, हे त्या सात वर्षांत दिसलं. त्या रेषेवर गस्त घालणं मात्र अजून दूरची गोष्ट आहे.

एका सहीनं उठलेलं वादळ

१ जानेवारी २०२४. इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद आणि सोमालीलँडचे तेव्हाचे अध्यक्ष मुसे बिही अब्दी यांनी अदिस अबाबात सामंजस्य करारावर सह्या केल्या. इथिओपियाला सुमारे २० किलोमीटर किनारा पन्नास वर्षांच्या भाड्यानं, नौदलाच्या तळासाठी. बदल्यात सोमालीलँडला मान्यतेची आशा.

इथिओपियाची गरज खोटी नाही. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि सुमारे १२ कोटी लोकांचा हा देश समुद्राला पारखा झाला. नव्वद टक्क्यांहून जास्त व्यापार एकट्या जिबूतीच्या बंदरातून होतो, आणि जिबूतीचे दर जिबूती ठरवणार. पण मोगादिशूच्या नजरेनं पाहिलं तर घराच्या वाटणीचा दावा चालू असताना एका भावानं परसातली विहीर परस्पर शेजाऱ्याला लिहून दिली, असाच तो प्रकार होता. राष्ट्राध्यक्ष हसन शेख महमूद यांनी आठवड्याच्या आत तो करार रद्दबातल ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली.

कायदा झाला, पण तो राबवायला आरमार कुठं होतं? म्हणून दुसरी सही. ८ फेब्रुवारी २०२४ ला तुर्कस्तानबरोबर दहा वर्षांचा संरक्षण आणि आर्थिक सहकार्याचा करार. तुर्कस्ताननं सोमालियाचं नौदल उभं करायचं, त्याच्या समुद्राच्या राखणीला मदत करायची. तुर्कस्तान तिथं नवखा नव्हता. २०११ च्या दुष्काळात एर्दोआन स्वतः मोगादिशूला गेले होते, तेव्हा परक्या नेत्यांची पावलं तिकडं वळत नव्हती. मोगादिशूचं बंदर २०१४ पासून तुर्की कंपनी चालवते, २०१७ पासून तिथं तुर्कस्तानचा मोठा लष्करी प्रशिक्षण तळ आहे. करारापाठोपाठ तेलशोधाचा करारही झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ओरुच रेइस’ हे तुर्की सर्वेक्षण जहाज सोमाली पाण्यात तेल-वायू शोधायला दाखल झालं. ऑगस्टमध्ये इजिप्तनंही सोमालियाशी लष्करी करार केला आणि शस्त्रं पाठवली. नाईलवरच्या धरणावरून इजिप्तचं इथिओपियाशी जुनं वैर आहे. सोमालियाचा किनारा दुसऱ्यांच्या भांडणाचं मैदान होतो तो असा.

अखेर तुर्कस्ताननंच मध्यस्थी केली. ११ डिसेंबर २०२४ च्या अंकारा जाहीरनाम्यात इथिओपियाला समुद्रापर्यंत वाट मिळावी, पण सोमालियाच्या सार्वभौम अधिकाराखाली, असं ठरलं. शब्द छान आहेत. पण वाट कोणत्या बंदरातून जाणार? चांगलं, तयार बंदर म्हणजे सोमालीलँडमधलं बर्बेरा, आणि तिथं मोगादिशूची सत्ता चालत नाही. ते अमिरातीची डीपी वर्ल्ड कंपनी २०१६ मधल्या कराराच्या आधारे चालवते. मार्च २०१८ मध्ये सोमाली संसदेनं त्या कंपनीवर देशभर बंदी घातली. बर्बेरात क्रेन चालूच राहिल्या. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलनं सोमालीलँडला मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही सदस्य देशानं असं करण्याची ही पहिलीच वेळ. एडनच्या आखाताच्या पलीकडे येमेन आहे आणि तिथले हौथी बंडखोर इस्रायलवर क्षेपणास्त्रं डागत आले आहेत, हे लक्षात घेतलं की बर्बेराच्या किनाऱ्याचं मोल कळतं.

लोक म्हणतात, सोमालियाला परराष्ट्र धोरण नाही, जो पैसे देईल त्याच्या मागे जातो. मला हे अन्यायाचं वाटतं. मोठ्या सत्तांना एकमेकांविरुद्ध उभं करून आपली जागा राखणं हेही धोरणच आहे, आणि हसन शेख यांनी ते कौशल्यानं केलं. अडचण वेगळी आहे. पंटलँडची राजधानी गारोवे, सोमालीलँडची राजधानी हर्गेसा आणि मोगादिशू यांची वेगवेगळी धोरणं आहेत आणि प्रत्येकाला सही विकत घेणारा गिऱ्हाईक मिळतो.

आता पुन्हा रुएनकडे. ठराव १८१६ मधली अंगणात शिरायची मुभा पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. मार्च २०२२ मध्ये ती संपली, कारण सोमालियानं मुदतवाढीला नकार दिला. चाचेगिरी मिटलीय, आता आमच्या पाण्यात परवानगी आम्हीच देऊ, ही भूमिका. स्वाभिमानी देशानं घ्यावी अशीच ती होती. पण तेव्हा चाच्यांचे पैसे लावणारे, बोटी, ओळखी, सगळं जागच्या जागी होतं. नोव्हेंबर २०२३ पासून हौथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, नौदलांचं लक्ष तिकडं गेलं, आणि डिसेंबरात रुएन पळवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशचं ‘एमव्ही अब्दुल्ला’ पळवलं; त्यावरचे २३ खलाशी महिनाभरानं सुटले.

रुएन तीन महिने उभं होतं ते पंटलँडच्या किनाऱ्याजवळ. तुर्की करारानुसार ज्या समुद्राची राखण व्हायची आहे, त्याचाही मोठा पट्टा पंटलँडसमोरचाच आहे. ते ३५ जण मुंबईत उतरल्यानंतर आठच दिवसांनी, ३१ मार्च २०२४ ला, घटनादुरुस्तीच्या वादावरून पंटलँडनं जाहीर केलं की नव्या घटनेवर देशभर सार्वमत होईपर्यंत आम्ही मोगादिशूचं सरकार मानत नाही, आमचा कारभार आम्ही स्वतंत्रपणे चालवू.